निळा पडदा आणि न वाचलेला परवाना

खानदेशातल्या अभियांत्रिकी शिक्षणाचे जन्मसाल १९८३ मानायला हरकत नाही. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये उघडू द्यायची, असे त्यांच्या सरकारने ठरवले आणि त्याच वर्षी तीन ठिकाणी नारळ फुटले. जळगावजवळ गिरणाकाठी बांभोरीला श्रमसाधना ट्रस्टचे, धुळ्याला देवपुरात श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचे आणि फैजपूरला आज जे. टी. महाजन यांच्या नावाने ओळखले जाणारे. तोवर इंजिनिअर व्हायचे तर घर सोडावे लागे. आता केळीच्या बागेतून सायकल काढून कॉलेजला जाता येणार होते.

त्याच वर्षी हजारो मैल दूर आणखी दोन गोष्टी घडल्या. २७ सप्टेंबरला अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले की आपण युनिक्ससारखी एक संपूर्ण संगणक प्रणाली लिहिणार आहोत आणि ती कोणीही वापरावी, वाटावी, बदलावी. तिचे नाव जीएनयू. पुढच्या काही महिन्यांत कॅलिफोर्नियातल्या बोरलँड नावाच्या नवख्या कंपनीने टर्बो पास्कल हा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात बदलणारे साधन, बाजारात आणला, किंमत ४९.९५ डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण पाचशे रुपये. इतर कंपन्यांचे कंपायलर तेव्हा शेकडो डॉलरना विकले जात.

या बातम्या बांभोरीला किंवा देवपूरला त्या वर्षी पोहोचल्या नसणार. पण पुढे तीस वर्षे खानदेशातल्या संगणक लॅबमध्ये जे काही झाले, ते या दोन कल्पनांमधले भांडणच होते. भांडण प्रोग्रामिंगच्या भाषांचे दिसे, पण मुळात ते परवान्याचे होते. एखादी भाषा किती यंत्रांवर चालेल, किती वर्षे चालेल, हे तिच्या व्याकरणापेक्षा तिच्या परवान्याच्या कागदावर ठरते. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि त्याला आधार म्हणून खानदेशचा अनुभव पुरेसा आहे.

थोडे मागे जायला हवे. सुरुवातीला प्रत्येक कंपनीच्या संगणकाची बोली वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवायचा म्हणजे तो नव्याने लिहायचा. ही अडचण पहिल्यांदा जाहीरपणे मोडली ती कोबोल या भाषेने. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम आरसीएच्या आणि युनिव्हॅकच्या, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. ग्रेस हॉपर यांच्या पूर्वीच्या कामावर ही भाषा बेतलेली होती. पण तंत्राइतकीच महत्त्वाची होती कोबोलच्या अहवालात छापलेली सूचना. तिचा आशय असा की ही भाषा उद्योगाची आहे, कोण्या एका कंपनीची किंवा गटाची मालमत्ता नाही. ज्याला वापरायची असेल त्याने श्रेयाचा मजकूर छापावा आणि वापरावी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा आग्रह होता आणि कंपन्यांची समिती होती, म्हणून हे जमले. सगळीकडे चालणाऱ्या पहिल्या भाषेने आपला मालकीचा प्रश्न पाळण्यातच सोडवला होता. ऐंशीच्या दशकात बँकांच्या संगणकीकरणासाठीच्या रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर भारतीय बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली, तेव्हाही बँकांच्या हिशेबात कोबोलला मान होता.

दुसरी गोष्ट सीची. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात पुन्हा लिहिला गेला. त्यामुळे युनिक्स एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर नेता येऊ लागले. बेल लॅब्जची मालक एटी अँड टी. १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीने तिला टेलिफोनबाहेरचा धंदा करायला बंदी होती, म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प किमतीत, मूळ लिखाणासकट दिले गेले. शिकवणाऱ्यांचे फावले. ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स यांनी त्या लिखाणावर ओळीगणिक भाष्य लिहिले. मग १९७९ची सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात कलम आले की हे लिखाण वर्गात शिकवायचे नाही. लायन्स यांचे पुस्तक त्यानंतर झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून जगभर फिरले. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स लिहिले ते याच कलमाला वैतागून. प्रणाली तीच, भाषा तीच, फक्त कागदावरची दोन वाक्ये बदलली आणि प्राध्यापकाला शिकवायला नवी प्रणाली लिहावी लागली.

युनिक्सवर मालकी होती तरी सी भाषेवर नव्हती. १९७८ मध्ये तिचे पुस्तक निघाले, १९८९ मध्ये अमेरिकन प्रमाण ठरले. भाषेचे वर्णन कोणालाही वाचता येत होते आणि कंपायलर कोणालाही लिहिता येत होता. म्हणून बोरलँडने १९८७ मध्ये टर्बो सी काढले. त्याच वर्षी स्टॉलमन यांनीही आपला सी कंपायलर जीसीसी सोडला. पहिल्याची किंमत मोजायची होती. दुसऱ्याची अट अशी की सुधारून कोणाला दिलात तर मूळ लिखाणही द्या. १९८९ मध्ये ही अट जीपीएल या नावाने लेखी झाली. तिसरा मार्ग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेचा. त्यांनी १९८९ मध्येच आपल्या युनिक्सचा काही भाग फार सैल अटींवर सोडला. आमचे नाव राहू द्या, काही बिघडले तर आम्हाला धरू नका, बाकी काय हवे ते करा. हा बीएसडी परवाना. धुळ्याच्या महाविद्यालयाचे नाव बापूसाहेब शिवाजीराव देवरे, म्हणजे संक्षेपाने तेही बीएसडी. हा निव्वळ योगायोग. धुळ्याच्या बीएसडीत बर्कलेचा बीएसडी शिकवला गेला असता तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती.

झाले असे की सगळीकडे टर्बो सी आले.

तो निळा पडदा महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना डोळे मिटूनही दिसेल. वर करडी पट्टी, तिच्यावर फाइल, एडिट, सर्च, रन. कंट्रोल धरून एफ नाइन दाबले की प्रोग्राम चालतो, आल्ट धरून एफ फाइव्ह दाबले की आउटपुट दिसते. प्रोग्रामच्या डोक्यावर कोनिओ डॉट एच, मग व्हॉइड मेन, पहिल्या ओळीत क्लिअर-स्क्रीन आणि शेवटी पडदा थांबवायला गेट-सीएच. ग्राफिक्सचे प्रॅक्टिकल असेल तर बीजीआय फोल्डरचा पत्ता पाठ असायलाच हवा, नाहीतर वर्तुळ उमटत नाही आणि व्हायवात एक्स्टर्नलसमोर घाम फुटतो. हाताशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ किंवा बालगुरुसामींचे पुस्तक.

आता या यादीकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहा. कोनिओ डॉट एच सी भाषेच्या प्रमाणात नाही, ते डॉसच्या कंपायलरांचे. पडदा पुसणारी आज्ञा बोरलँडची. ग्राफिक्स डॉट एच बोरलँडचे. व्हॉइड मेन प्रमाणाला मान्य नाही. इंट या प्रकाराला दोन बाइट लागतात आणि त्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो, हे उत्तर परीक्षेत गुण देऊन जाई. पण ते सोळा बिटच्या डॉसपुरते खरे. लिनक्स या मुक्त प्रणालीवर जीसीसीत तोच इंट चार बाइटचा. सी++चे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये आले आणि आयोस्ट्रीम डॉट एच जुने झाले, तरी आपल्याकडे ते पुढे कितीतरी वर्षे जर्नलात लिहिले आणि तपासले गेले. ज्या भाषेने यंत्रायंत्रांतली भिंत पाडली, ती भाषा आपण एका कंपनीच्या एका कंपायलरच्या एका आवृत्तीची म्हणून शिकलो. पुण्याच्या कंपनीत पहिल्या दिवशी लिनक्सचा काळा पडदा समोर आला की जळगाव-धुळ्याची हुशार पोरे बावरायची. सी त्यांना येत होती. फक्त ती टर्बोची होती.

बोरलँडचा परवाना मात्र खरोखर वाचण्यासारखा होता. वकिली भाषा टाळून तिने लिहिले होते की हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा. एका वेळी एकाच ठिकाणी वापरले जात असेल तर कोणीही वापरा, कोणत्याही यंत्रावर न्या. दोन माणसे एकच पुस्तक दोन घरांत एकाच वेळी वाचू शकत नाहीत, तसे. इतका समंजस परवाना त्या काळात दुसऱ्या कोणी दिल्याचे मला माहीत नाही. पण एका पुस्तकाच्या शंभर झेरॉक्स काढून वर्गात वाटायच्या, हे त्यातही बसत नव्हते. आणि गावोगावच्या लॅबमध्ये, क्लासमध्ये, असेंबल केलेला पीसी विकणाऱ्याच्या दुकानात नेमके तेच चालले होते. फ्लॉपीवरून फ्लॉपी, पुढे सीडीवरून सीडी. पीसी घेतला की दुकानदार हार्ड डिस्कवर सगळे भरून देई आणि गिऱ्हाइकाला वाटे, हे यंत्राबरोबरच येते.

कायदा नव्हता असे नाही. १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत आला. १९९४च्या दुरुस्तीने कलम ६३ब घातले. जाणूनबुजून बेकायदा प्रतीचा वापर केला तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद माफ करण्याची मुभा न्यायालयाला आहे. हे कलम ज्या वर्गात लागू होत होते, त्याच वर्गात ते कधी शिकवले जात नव्हते.

इथे एक गंमत आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. नकली प्रतींनी बोरलँडचे किंवा मायक्रोसॉफ्टचे नुकसान केले असे आपण ऐकतो. खानदेशात खरे नुकसान झाले ते स्टॉलमन यांच्या बाजूचे. जीसीसी फुकट होता, पण टर्बो सीही फुकटच मिळत होता. किंमत दोन्हीकडे शून्य असेल तर माणूस सोपे ते घेतो, आणि टर्बोचा संपादक, कंपायलर, मदतीची पाने सगळे एकाच पडद्यावर होते. जीपीएलचे मोल समजायला आधी परवान्याचे ओझे जाणवावे लागते. ते ओझे आपल्या खांद्यावर कधी आलेच नाही. चोरीच्या मालाने फुकटच्या मालाचा बाजार बसवला.

परवाना डोळ्यांना दिसायचा तो एकाच ठिकाणी, छापखान्यात. लग्नपत्रिका आणि हँडबिले काढणाऱ्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम असे आणि त्यासोबत संगणकाच्या पाठीमागे खोचायचे एक कुलूप, डाँगल. ते काढले की मराठी अक्षर उमटायचे थांबे. सॉफ्टवेअर विकत घ्यायची वस्तू आहे हे खानदेशातल्या किती जणांना पहिल्यांदा त्या बोटभर प्लास्टिकमुळे कळले असेल!

दुकान-धंद्यातली गोष्ट टर्बो सीपेक्षा रंजक आहे, कारण तिथे भाषेवरच मालकी सांगण्याचा खटला झाला. दाल मिल, जिनिंग, पतसंस्था, सराफी, खत-बियाण्याचे दुकान, कुठेही नव्वदच्या दशकात संगणक आला की कोणीतरी स्थानिक मुलगा फॉक्सप्रोत हिशेब लिहून देई. फॉक्सप्रोची भाषा मुळात डीबेसची. डीबेस अॅश्टन-टेट या कंपनीचे. १९८८ मध्ये अॅश्टन-टेटने फॉक्स सॉफ्टवेअरवर दावा लावला की ही भाषा आमची, तिची नक्कल करता येणार नाही. डिसेंबर १९९०मध्ये न्यायाधीशांनी अॅश्टन-टेटचा कॉपीराइटच रद्द ठरवला, कारण डीबेसचे मूळ नासाच्या कामासाठी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत लिहिलेल्या एका प्रोग्रामात होते आणि हे कंपनीने नोंदणीत लपवले होते. काही महिन्यांनी हा निर्णय न्यायाधीशांनीच मागे घेतला. तेवढ्यात १९९१ मध्ये बोरलँडने अॅश्टन-टेट विकत घेतली. या खरेदीला मान्यता देताना अमेरिकेच्या न्याय खात्याने अट घातली की डीबेसच्या भाषेवर हक्क सांगायचा नाही. खटला तिथे संपला. चाळीसगावच्या एखाद्या दुकानातली उधारीची वही ज्या भाषेत चालत होती, तिच्या मालकीचा वाद तिकडे असा मिटला. दुकानदाराला अर्थातच पत्ता नव्हता.

पण फॉक्सप्रोचा शेवट जास्त शिकवणारा आहे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स कंपनी घेतली. फॉक्सप्रो २.६ डॉसवर, विंडोजवर, मॅकवर आणि युनिक्सवर, चारही ठिकाणी चालत होते. पुढे त्याचे व्हिज्युअल फॉक्सप्रो झाले आणि एकेक यंत्र गळत जाऊन विंडोज तेवढे उरले. २००४ची नववी आवृत्ती शेवटची ठरली, २००७ मध्ये कंपनीने दहावी येणार नाही असे सांगितले, २०१५ मध्ये आधारही संपला. भाषेत दोष नव्हता. तिच्यात लिहिणारे हात कमी नव्हते. मालक बदलला आणि मालकाला इतर यंत्रे नको होती, बस्स. क्लिपर या तिच्या चुलत बहिणीचे नशीब थोडे बरे. तिच्या चाहत्यांनी १९९९ मध्ये हार्बर नावाचा मुक्त कंपायलर लिहायला घेतला, त्यामुळे क्लिपरमध्ये लिहिलेले जुने हिशेब आजही लिनक्सवर चालवता येतात. फॉक्सप्रोवाल्यांना मात्र विंडोजलाच धरून राहावे लागले.

मधल्या काळात खानदेशचे शैक्षणिक केंद्रही सरकले होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला स्थापन झाले. आज त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्याआधी इथली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. अभ्यासक्रम आता आपल्याच जिल्ह्यात ठरणार होता. तरी कोणता कंपायलर वापरायचा हा प्रश्न अभ्यास मंडळांनी परवान्याच्या अंगाने फारसा पाहिला नाही, हा माझा आक्षेप. प्रॅक्टिकलची स्लिप जुनी, जर्नल जुने, एक्स्टर्नल सरांनाही तेच येत होते. सोयीची साखळी तोडायला कोणालाच कारण नव्हते.

लिनक्स आपल्याकडे आले ते मासिकाला चिकटून. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा ते मोठ्या शहरांपुरते होते. जळगावहून फोन लावून एखादी प्रणाली उतरवून घेणे म्हणजे एसटीडीच्या बिलाने घर विकणे. १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. या उपक्रमामागे बंगळूरचे अतुल चिटणीस होते. देशभरातल्या लहान शहरांतल्या कितीतरी लोकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते या सीडीवर. त्या सीडीत सी, सी++, पर्ल, पायथन यांचे कंपायलर आणि इंटरप्रिटर एकत्र असत.

सीडी एकाने विकत घ्यायची आणि बाकीच्यांनी कॉपी करायची, ही सवय तशीच होती. फरक एवढाच की इथे ती कायदेशीर होती. हॉस्टेलच्या खोलीत एकाच ड्राइव्हमध्ये आधी टर्बोची आणि मग लिनक्सची सीडी कॉपी झाली असेल. कृती तीच, हात तेच. पहिल्या वेळी कलम ६३बच्या वाटेवर पाऊल, दुसऱ्या वेळी परवान्यानेच दिलेला हक्क. हा फरक समजावून सांगणारा तास कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. उलट एक गैरसमज पसरला, जो अजून ऐकू येतो. जीसीसीत कंपाइल केले की आपला प्रोग्रामही जीपीएल होतो म्हणे. तसे नाही. जीसीसीबरोबर येणाऱ्या लायब्ररीला मुद्दाम सवलत जोडलेली आहे. जीसीसीने तयार केलेला प्रोग्राम तुमचा, त्याला हवा तो परवाना द्या. बंधन येते ते दुसऱ्याचे जीपीएल लिखाण आपल्यात मिसळून लोकांना दिल्यावर.

शतक उलटताना जावाची लाट आली. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला क्लाससाठी जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत जावाचे जाड पुस्तक दिसू लागले. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये आणलेल्या या भाषेचे ब्रीदच असे की एकदा लिहा, कुठेही चालवा. तंत्र चोख होते. प्रोग्राम कोणत्याही खऱ्या यंत्रासाठी न बनता एका काल्पनिक यंत्रासाठी बनतो आणि ते काल्पनिक यंत्र प्रत्येक संगणकावर बसवायचे. म्हणजे ते काल्पनिक यंत्र ज्याच्या ताब्यात, जावा त्याच्या ताब्यात. मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन स्वतःची जावा काढली आणि तिच्यात फक्त विंडोजवर चालतील अशा गोष्टी घातल्या. सनने ऑक्टोबर १९९७ मध्ये खटला भरला. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जावा सगळीकडे सारखी राहिली ती अभियंत्यांमुळे जितकी, तितकीच सनच्या वकिलांमुळे.

गंमत म्हणजे ज्या परवान्याने जावाला विंडोजपासून वाचवले, त्यानेच तिला लिनक्सपासून दूर ठेवले. सनची जावा फुकट उतरवता येई, पण बदलून वाटायला मनाई. त्यामुळे मुक्ततेचे नियम पाळणाऱ्या लिनक्सच्या आवृत्त्या ती सीडीत घालत नव्हत्या. सगळीकडे चालणारी भाषा सगळीकडे मिळत मात्र नव्हती. १३ नोव्हेंबर २००६ रोजी सनने जावा जीपीएलखाली सोडण्याची घोषणा केली, २००७ मध्ये ओपनजेडीके ही तिची मुक्त आवृत्ती उभी राहिली. तुमचा स्वतःचा प्रोग्राम जीपीएलमध्ये ओढला जाऊ नये म्हणून तिलाही सवलतीचे कलम जोडले. मग २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि त्याच वर्षी गुगलवर दावा ठोकला. अँड्रॉइडमध्ये जावाच्या आज्ञांची नावे आणि मांडणी, सुमारे साडेअकरा हजार ओळी, वापरल्या म्हणून. डीबेसचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, फक्त अब्जावधी डॉलरच्या मापात. ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गुगलचा वापर न्याय्य ठरवला.

आपल्याकडच्या माणसाला त्याहून जवळची बाब २०१९ची. व्यवसायासाठी जावा ८ वापरणाऱ्यांना ओरॅकलकडून फुकट मिळणारी अद्यतने त्या जानेवारीनंतर थांबली. २०२३ पासून तर वर्गणी माणशी झाली. जावा किती जण वापरतात ते महत्त्वाचे नाही, कंपनीत कामाला किती आहेत ते मोजायचे. लहान कंपन्यांना महिन्याला माणशी पंधरा डॉलर. शंभर माणसांच्या कारखान्यात तीनच संगणकांवर जावा असेल तरी वर्षाला अठरा हजार डॉलर. यातून सुटायची वाट २००६च्या त्या घोषणेनेच ठेवली आहे. टेमुरिन किंवा अॅमेझॉनची कोरेटो ही जावाची आवृत्ती घ्या. लिखाण तेच, ओपनजेडीकेचे, पैसे शून्य. औद्योगिक वसाहतीतल्या किती जणांना हे माहीत आहे, हे त्यांच्या हिशेबनिसांना विचारावे लागेल.

पायथनचे भांडण छोटे आणि मजेदार. डच प्रोग्रामर गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ती प्रथम सोडली तेव्हा अटी अगदी सैल होत्या. पुढे ते अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका संस्थेत गेले. २००० मध्ये त्या संस्थेच्या वकिलांनी १.६ आवृत्तीच्या परवान्यात लिहिले की तो व्हर्जिनिया राज्याच्या कायद्यानुसार समजला जाईल. एवढ्या एका कलमाने तो जीपीएलशी विसंगत ठरला. वाटाघाटी झाल्या, २००१ मध्ये पायथनसाठी वेगळी संस्था निघाली आणि परवाना दुरुस्त झाला. त्यानंतर पायथनला कोणाच्या दारात थांबावे लागले नाही. आज शाळेपासून संशोधनापर्यंत ती जी पसरली आहे, त्याचे श्रेय तिच्या सोप्या व्याकरणाला सगळे देतात, या दुरुस्तीला कोणी देत नाही.

व्हिज्युअल बेसिकबद्दल लांबण लावत नाही. १९९८ची सहावी आवृत्ती प्रोजेक्टसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे चालली, पण ती विंडोजच्या उंबऱ्याबाहेर गेली नाही. ज्या मायक्रोसॉफ्टने हे केले, तिनेच २०१४ मध्ये डॉटनेटचा गाभा एमआयटी परवान्याखाली मोकळा केला. काळ बदलल्याची याहून मोठी कबुली नको.

निळा पडदा मात्र हट्टी निघाला. चौसष्ट बिटच्या विंडोजने सोळा बिटचे प्रोग्राम चालवायचे नाकारले, तेव्हा तो संपायला हवा होता. लोकांनी डॉसबॉक्स शोधून काढले, जुन्या डॉसचे सोंग घेणारा प्रोग्राम, आणि त्याच्या आत टर्बो सी++ पुन्हा सुरू झाले. डॉसबॉक्स जीपीएलखालचे. स्टॉलमन यांच्या परवान्याने जगवलेल्या घरात बोरलँडचा विनापरवाना पाहुणा राहायला आला. बोरलँडने नंतर काही जुन्या आवृत्त्या फुकट उतरवून घ्यायला ठेवल्या, पण लॅबमधली लाडकी ३.० त्यांत नव्हती.

आता चित्र पालटले आहे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पामुळे सी, जावा, पायथन यांचे धडे मराठी आवाजात आणि वाटायला मोकळ्या परवान्याखाली मिळतात. शिरपूर-फैजपूरची मुले फ्लटरमध्ये अॅप लिहितात तेव्हा एकाच लिखाणातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही निघतात. फ्लटरचा परवाना बीएसडी. म्हणजे बर्कलेचे ते बीएसडी अखेर खानदेशात आले. फेसबुकची रिअॅक्ट ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी २०१७ आठवावे. पेटंटविषयीच्या एका जोडकलमामुळे अपाची फाउंडेशनने तिला आपल्या प्रकल्पांतून हद्दपार केले आणि दोन-तीन महिन्यांत फेसबुकला परवाना बदलून एमआयटी करावा लागला. जगभरच्या लोकांनी तो कागद वाचला म्हणून हे घडले.

म्हणून बांभोरी, देवपूर, फैजपूर, शिरपूरच्या संगणक विभागांना एक विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टात सर्टिफिकेट असते, आभार असतात, फ्लोचार्ट असतात. त्यात एक पान वाढवा. कोणती भाषा, कोणत्या लायब्ररी, त्यांचे परवाने कोणते आणि आपल्या स्वतःच्या लिखाणाला आपण कोणता परवाना देतो. हे शेवटचे विसरू नका. भारतीय कायद्यात कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, लिहिले की तो लागू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. यंदा एकवीस वर्षांच्या मुलीने चांगला प्रोग्राम लिहून परवान्याविना इंटरनेटवर ठेवला आणि ती ऐंशी वर्षे जगली, तर तिच्या परवानगीवाचून तो बदलून वाटण्याचा हक्क इतरांना बाविसाव्या शतकात मिळेल.